काडेपेटीवर सैतान : 'ल्युसिफर' नक्की पडला कसा?

मुक्काम_पोस्ट_डेल्फ्ट | शुक्रवार, रात्री ९:१०

आई तीन महिन्यांसाठी नेदरलँड्सला आलीये. काल तिन्हीसांजेला निरांजन लावायला गेली तर लायटर संपलेला. आमची शेगडी इंडक्शनची, त्यामुळे घरात काडेपेटी औषधालाही नाही. शेजारच्या डच आजींचं दार वाजवलं. त्यांनी खणातून एक पिटुकली पेटी काढून हातात दिली आणि म्हणाल्या, "ल्यूसिफर्स! राहू दे तुझ्याकडेच."

डचमध्ये आगकाडीला 'ल्यूसिफर'च म्हणतात. दुकानात, पेटीवर, सगळीकडे. मला चार वर्षांत सवय झालीये. पण आई एकतीस वर्षं कॉन्व्हेंट शाळेत शिकवायला होती. तिचा चेहराच बदलला. "अगं, हे सैतानाचं नाव! आणि ह्यानं देवापुढची वात लावू?"

वाती तुपात भिजवून झाल्या होत्या, म्हणून लावली शेवटी. पण एरवी जळकी काडी तबकाच्या कडेला ठेवते, ती काल हात लांब करून बेसिनपर्यंत नेली आणि वर नळ सोडला.

मी शोधाशोध केली. लॅटिनमध्ये 'लुक्स' म्हणजे प्रकाश आणि 'फेर्रे' म्हणजे वाहणे, आणणे. म्हणजे ल्युसिफर हा प्रकाश घेऊन येणारा. काडीला हे नाव शोभतं. मग सैतानाला कुणी दिलं? आईला पटेल असं उत्तर हवंय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

---

बारा_भानगडी | रात्री ९:१८

दिवे घ्या (म्हणजे 'लाइटली' घ्या).
(नाही, म्हणजे खरंच घ्या. काडी आहे ना आता.)

---

तिरफळ | रात्री ९:२५

माझ्या मुलीला विचारलं ल्युसिफर कोण. "आई, तो खूप हँडसम आहे" असं उत्तर मिळालं. वेबसिरीज बघणाऱ्या पिढीकडून जास्त अपेक्षा ठेवू नयेत.

---

आडवाटेचा_पांथ | रात्री १०:०२

थोडं सविस्तर लिहितो, कारण ह्यात सैतानापेक्षा भाषांतरकाराची गोष्ट जास्त आहे.

जुन्या लॅटिनमध्ये 'लूकिफेर' (रोमन लोक 'सि' नाही, 'कि' म्हणत) हे पहाटेच्या शुक्राचं नाव होतं, बाकी काही नाही. ग्रीकांचा 'फॉस्फोरस' तोच. 'फॉस' म्हणजे प्रकाश, 'फोरस' म्हणजे वाहणारा. रोमनांनी शब्दाला शब्द लावून तो लॅटिनमध्ये आणला.

आता बायबलच्या जुन्या करारात यशया नावाचा ग्रंथ आहे. त्याच्या चौदाव्या अध्यायात बाबिलोनच्या राजाची खिल्ली उडवली आहे. तू म्हणत होतास मी ताऱ्यांच्याही वर सिंहासन मांडीन, आणि आता बघ, थेट पाताळात गेलास. त्यात राजाला हाक मारली आहे 'हेलेल बेन शाहर', म्हणजे तेजस्वी, पहाटेचा मुलगा. हिब्रूतून ग्रीकमध्ये नेणाऱ्यांनी तिथे 'पहाट आणणारा' असा पहाटताऱ्याचा शब्द घातला. चौथ्या शतकाच्या अखेरीस संत जेरोमने लॅटिन भाषांतर केलं तेव्हा त्याने साहजिकच 'लूकिफेर' लिहिलं. त्याची चूक काहीच नव्हती. पहाटेच्या ताऱ्याला लॅटिनमध्ये तोच शब्द होता.

घोटाळा त्याच्याही आधी सुरू झाला होता. नव्या करारात लूकच्या दहाव्या अध्यायात येशू म्हणतो की मी सैतानाला आकाशातून विजेसारखं पडताना पाहिलं. तिसऱ्या शतकातल्या ओरिगेनसारख्या धर्मपंडितांनी ही दोन पडणी एकमेकांना जोडली. बाबिलोनचा राजा पडला, सैतान पडला, म्हणजे ते वर्णन सैतानाचंच. पुढच्या काही शतकांत पहाटतारा हे उपमान मागे पडलं आणि सैतानाचं पाळण्यातलं नाव होऊन बसलं. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये त्या जागी भाषांतर न करता 'ल्युसिफर' तसाच ठेवला. तो तारा आहे हे इंग्रजी वाचकाला सहज कळेनासं झालं.

त्याच लॅटिन बायबलमध्ये ईयोबाच्या ग्रंथात एका सज्जनाला धीर देताना म्हटलंय, तू संपलास असं वाटेल तेव्हा 'लूकिफेर'सारखा उगवशील. पेत्राच्या दुसऱ्या पत्रात तर तो भक्तांच्या हृदयात उगवतो. तिथे कुणाला सैतान दिसला नाही.

---

फुलवात | रात्री १०:१५

वा! म्हणजे शिवाजीराव नावाच्या एका माणसाने चोरी केली म्हणून पुढे सगळ्या चोरांनाच शिवाजीराव म्हणायला लागले, असं काहीसं?

---

आडवाटेचा_पांथ | रात्री १०:२१

फुलवात, जवळपास. फक्त इथे त्या माणसाने चोरीही केली नव्हती. त्याला चोराची उपमासुद्धा दिली नव्हती. उलटं झालं होतं, चोराला त्याची उपमा दिली होती.

आणि हो, चौथ्याच शतकात सार्डिनियातल्या काल्यारीला एक बिशप होते, नाव लूसिफर. त्यांना तिथे संत मानतात. आईबापांनी मुलाचं नाव ठेवताना 'प्रभाकर' ठेवतात त्या भावनेने ठेवलं असणार.

---

वसईची_पोर | रात्री १०:४८

मी ख्रिस्ती आहे, वसईची. आमच्या घरच्या मराठी बायबलमध्ये त्या ओळीत ल्युसिफर हे नाव नाहीच. तिथे तारा आहे आणि पहाटेचा पुत्र आहे. म्हणून लहानपणी मला हे कोडं कधी पडलंच नाही. इंग्रजी माध्यमात शिकणारी चुलत भावंडं मात्र त्या नावाला घाबरायची.

ईस्टरच्या आदल्या रात्रीची प्रार्थना आमच्याकडे कशी असते ते सांगते. देवळातले सगळे दिवे घालवतात. बाहेर अंगणात शेकोटी पेटवतात, तिच्यावर ती मोठी, पुरुषभर उंचीची मेणबत्ती पेटवून काळोखात आत आणतात. दारात, मध्यावर आणि वेदीशी असं तीनदा थांबून 'ख्रिस्ताचा प्रकाश' असं गातात. लॅटिनमध्ये 'लुमेन क्रिस्ती'. मग आपापल्या हातातली बारकी मेणबत्ती शेजारच्याच्या मेणबत्तीवरून लावायची. मेण बोटांवर गळतं, लहान मुलं रडतात, कुणाच्या तरी ओढणीला धग लागते, दर वर्षी. पण पाच मिनिटांत सगळं देऊळ सोनेरी होतं.

त्यानंतर मेणबत्तीची स्तुती गातात. मेण बनवणाऱ्या मधमाशीचेसुद्धा आभार आहेत त्यात. आजोबा जुन्या लॅटिन काळात गायनवृंदात होते, त्यांना ती पाठ होती. तिच्या शेवटाला म्हटलंय की पहाटेच्या लूसिफरला ही ज्योत तेवती सापडो, तो लूसिफर जो कधी मावळत नाही. आणि तो म्हणजे ख्रिस्त! आजोबा तिथे मुद्दाम आवाज चढवायचे आणि मग आमच्याकडे बघून डोळा मारायचे.

डेल्फ्टताई, तुमच्या आईंना एवढं सांगा. ज्या शाळेत त्यांनी शिकवलं, त्यांच्याच पंथाच्या सगळ्यात पवित्र रात्री हा शब्द देवासाठी गातात.

---

मुक्काम_पोस्ट_डेल्फ्ट | रात्री १०:५५

वसईची पोर, अंगावर काटा आला. आई झोपलीये, सकाळी वाचून दाखवते. आणि हो, 'ताई' नको, मी बहुतेक तुझ्याहून लहान आहे.

---

वसईची_पोर | रात्री ११:०१

माझं नाव 'पोर' असलं तरी मी ५३ ची आहे बाई.

---

बारा_भानगडी | रात्री ११:०३

नाव सोनुबाई...

---

मूळपुरुष | शनिवार, सकाळी ७:३०

आश्चर्य वाटतं, कुणालाच दिसलं नाही! त्यांचा शुक्र सैतान झाला. आपला शुक्र कोण? शुक्राचार्य, असुरांचे गुरू! हा योगायोग असूच शकत नाही. कल्पना इथूनच तिकडे गेली हे उघड आहे.

---

खडूस_काका | सकाळी ७:४४

सकाळी साडेसातला चहाच्या आधी हे वाचलं. दिवस गेला.

---

आडवाटेचा_पांथ | सकाळी ९:१२

मूळपुरुष, साम्य गमतीचं आहे, नाकारत नाही. पण गेली कशी ते दाखवा ना. यशयाच्या त्या ओळीत ना असुर आहेत ना त्यांचा गुरू. एका राजाची चेष्टा आहे. आपले शुक्राचार्य कुठून पडलेही नाहीत. ते विद्वान आहेत, संजीवनी विद्या त्यांच्याकडे आहे, आणि कच-देवयानीच्या गोष्टीत देवांना त्यांच्याकडे पोरगा शिकायला पाठवावा लागतो. पतनाची गोष्ट आणि शत्रुपक्षाच्या गुरूची गोष्ट ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आणि ऋग्वेदात वरुणालाही 'असुर' म्हटलंय, मोठेपणाने. शब्दांचं असं होतं. इराणात उलटं झालं, 'अहुर' देव झाले आणि 'दएव' राक्षस. बदनामी व्हायला सैतान असावं लागत नाही.

---

पंचांगवाले_काका | सकाळी १०:०५

शुक्राचं थोडं माझ्याकडून. पृथ्वीवरून बघताना शुक्र सूर्यापासून जास्तीत जास्त ४७ अंश लांब जातो. म्हणून तो एकतर पहाटे पूर्वेला दिसतो नाहीतर संध्याकाळी पश्चिमेला. मध्यरात्री माथ्यावर कधीच नाही. साधारण ५८४ दिवसांचं त्याचं चक्र. आठ-नऊ महिने पहाटेचा, मग गायब, मग आठ-नऊ महिने संध्याकाळचा, मग पुन्हा गायब.

ह्या गायब होण्यालाच आपण शुक्रास्त म्हणतो. एकदा तो जेमतेम आठवडाभराचा असतो (शुक्र आपल्या आणि सूर्याच्या मधून जातो तेव्हा) आणि एकदा पावणेदोन-दोन महिन्यांचा (सूर्याच्या पलीकडून जातो तेव्हा). त्या काळात लग्नाचे मुहूर्त नसतात, हॉलवाले हवालदिल असतात.

वर त्या बाबिलोनच्या राजाचं आलंय, ताऱ्यांच्या वर बसायला निघाला आणि पडला. आकाश बघणाऱ्याला ती उपमा लगेच कळते. पहाटेचा शुक्र सगळ्या ताऱ्यांपेक्षा झगमगीत. चढायला लागतो. पण अंधार आहे तोवर माथा काही गाठत नाही, तेवढ्यात मागून सूर्य येतो आणि पुसून टाकतो. रोजचं अपयश आहे ते. लिहिणारा नुसता चिडलेला नव्हता, पहाटे उठणारा होता.

---

तिरफळ | सकाळी १०:२०

काका, "लिहिणारा पहाटे उठणारा होता" हे फार आवडलं.

माझ्या लग्नाच्या वेळी शुक्रास्त आला म्हणून दोन महिने थांबलो होतो. तेवढ्यात विचार बदलला असता तर वाचले असते. (नवरा हा धागा वाचतो. दिवा घे रे.)

---

अर्धं_हळकुंड | सकाळी ११:४०

मला व्युत्पत्तीचा नाद आहे, अभ्यास नाही. चुकलं तर कान धरा.

लॅटिन 'लुक्स'चं मूळ प्राचीन 'लेउक्' ह्या धातूत, चकाकणे. त्याच धातूचं संस्कृतात 'रुच्' झालं, कारण संस्कृतात जुन्या 'ल'चा बऱ्याचदा 'र' होतो. काही ठिकाणी 'ल' टिकलाही, तिथे 'लोच्' आणि 'लोक्', बघणे. तेव्हा घरातले नातेवाईक मोजा. रुची (आधी चमक, मग आवड, मग जिभेची चव), रोचक, लोचन, अवलोकन, आलोक.

आता दुसऱ्या दाराने आलेले. इराणी शाखेत त्याच मुळापासून 'रओचह्', प्रकाश. त्यातून फारसी 'रोज' म्हणजे दिवस. आणि 'रोशन'. म्हणजे आपला रोज, रोजंदारी, रोजगार, वाण्याचा रोजमेळ, शेजारची रोशनी, ही सगळी लुक्सची चुलत भावंडं.

आणि आता बसलेले असाल तर सांगतो. 'रुक्म' म्हणजे सोनं, चमकणारं, 'रुच्'पासूनच. रुक्म वरून रुक्मिणी. रुक्मिणीची रखुमाई.

दुसरा अर्धा भाग 'फेर्रे', त्याचा संस्कृत भाऊ 'भृ', वाहणे. आपला भार, भारा तिथलाच. डोक्यावर उजेडाचा भारा घेऊन येणारा तो ल्युसिफर.

---

फुलवात | सकाळी ११:५२

रखुमाई??? हसून हसून पुरेवाट. आजीला सांगितलं तर ती मला घराबाहेर काढेल.

---

खडूस_काका | दुपारी १२:१०

कशाला उगाच माउलीला ह्यात ओढता? सैतानाशी नातं लावायची गरज होती का? भाषाशास्त्राच्या नावाखाली काहीही खपवायचं.

---

अर्धं_हळकुंड | दुपारी १२:३३

काका, माफ करा, पण सैतानाशी नातं मी लावलंच नाही. तो शब्द सैतानाचा नव्हता, हेच तर कालपासून चाललंय. नातं आहे ते उजेडाशी. पंढरपूरला काकड्याच्या वेळी गाभाऱ्यात उभं राहिलात तर रखुमाईचं नाव सोन्यावरून पडलं ह्यात तुम्हालाही काही गैर वाटणार नाही.

---

खडूस_काका | दुपारी १२:५०

बरं.

---

बारा_भानगडी | दुपारी १२:५१

ह्या संकेतस्थळाच्या इतिहासात काकांनी 'बरं' म्हटल्याची ही पहिलीच नोंद. स्क्रीनशॉट घेतलाय.

---

सांगलीची_बेदाणा | दुपारी १:१५

मग 'लुकलुकणे'सुद्धा लुक्स पासूनच ना? काजवे लुकलुकतात, तारे लुकलुकतात. किती सरळ आहे!

---

अर्धं_हळकुंड | दुपारी १:४०

तिथेच पाय घसरतो. मोह मलाही झाला होता. पण लुकलुक, चमचम, लखलख, झगमग हे आपले डोळ्यांना ऐकू येणारे शब्द. अनुकरणाचे, जोडीने येणारे. नुसतं सारखं वाजतं म्हणून नातं लावलं तर 'लोकल'सुद्धा 'लोक'वरून आली म्हणावं लागेल.

रोमन लोकांमध्येही असले हौशी होते. 'लूकुस' म्हणजे देवराई. एक व्युत्पत्ती अशी फिरायची की तिथे अंधार असतो, उजेड नसतो, म्हणूनच तिला लूकुस म्हणतात! नाव सोनुबाई, हाती कथलाचा वाळा, तसलं. दोन हजार वर्षं लोक ह्या व्युत्पत्तीला हसताहेत. आणि गंमत अशी की आजचे भाषाशास्त्रज्ञ लूकुसचं मूळ 'लेउक्'च मानतात. दाट रानातली मोकळी, उजेड पडणारी जागा ती लूकुस. आपला 'लोक', म्हणजे मोकळी जागा, जग, तोही बहुतेक त्यातलाच. चुकीच्या कारणाने बरोबर उत्तर आलं होतं.

---

रात्रपाळी | दुपारी ३:०५

मी दुधाच्या प्लँटमध्ये क्वालिटीला आहे. आमच्याकडे ल्युसिफर रोज पाळीवर असतो. ('रोज' आणि 'ल्युसिफर' एका वाक्यात, हळकुंडराव खूश.)

टाकी धुऊन झाली की ती खरंच स्वच्छ आहे का हे बघायला कापसाची काडी घेऊन व्हॉल्व्हच्या रबरी गॅस्केटच्या खाचेतून फिरवायची. तिथेच घाण बसते. मग काडी नळीत परत घालून वरचा फुगा मोडायचा, आतलं द्रावण खाली उतरतं, हलवायचं आणि यंत्रात ठेवायचं. पंधरा सेकंदांत आकडा. त्या द्रावणात ल्युसिफेरिन आणि ल्युसिफेरेज असतं, काजव्यातलं. जिवंत पेशीत एटीपी (पेशीचं इंधन) असतं, ते मिळालं की हे दोघं उजेड पाडतात. दुधाचा साका किंवा जिवाणू उरले असतील तर जास्त उजेड, म्हणजे जास्त आकडा. डोळ्याला काही दिसत नाही इतका मंद.

एका रात्री तीनला आकडा इतका वर गेला की पूर्ण लाइन परत धुवायला लावली. पाळीप्रमुख भडकले, "टाकी तर आरशासारखी दिसतेय!" दिसतेय हो, पण तुमच्या टॉर्चला. काजव्याला नाही दिसली.

ही नावं राफाएल द्युबुआ नावाच्या फ्रेंच माणसाने १८८७ मध्ये ठेवली. त्याचा प्रयोग कुणीही समजेल असा आहे. चमकणाऱ्या प्राण्याचा अर्क गार पाण्यात काढला, तो थोडा वेळ चमकून विझला. दुसरा अर्क गरम पाण्यात काढला, तो चमकलाच नाही. दोन विझलेले अर्क एकत्र केले, पुन्हा उजेड! गार अर्कात जळणारा पदार्थ संपला होता, गरम अर्कात तो जाळणारं विकर मेलं होतं. जळणारं ते ल्युसिफेरिन, जाळणारं ते ल्युसिफेरेज.

---

घाटमाथा | दुपारी ४:२२

काजव्यांचा विषय निघालाच आहे तर. भंडारदरा परिसरात, घाटघर-रतनवाडीकडे, मे अखेर ते पाऊस सुरू होईपर्यंत हिरडा-बेहड्याची झाडं काजव्यांनी भरतात. एक झाड श्वास घेतल्यासारखं एकदम पेटतं, एकदम विझतं, मग शेजारचं. नर मादीला खुणावत असतात, त्यांच्याकडे आयुष्याचे थोडेच दिवस उरलेले असतात.

आणि आपण काय करतो? गाडीचे हेडलाइट सुरू ठेवून, मोबाइलचा टॉर्च लावून 'काजवे कुठायत' विचारतो. दोन वर्षांपूर्वी माझ्यासमोर एकाने झाडावर फ्लॅश मारला. सगळं झाड विझलं. मग म्हणतो, "पैसे वाया गेले."

---

उजेडवाला | संध्याकाळी ५:००

मी लाइट फिटिंगच्या धंद्यात. गिऱ्हाईक अजून विचारतं, "किती वॅटचा?" अहो, वॅट म्हणजे खाल्लेली वीज. दिलेला उजेड लुमेनमध्ये. ९ वॅटच्या एलईडीच्या खोक्यावर ८०० - ९०० लुमेन लिहिलेलं असतं, ते वाचा. आणि तो उजेड टेबलावर किती पडला ते लक्समध्ये. एका चौरस मीटरवर एक लुमेन पडला की एक लक्स. दोन्ही शब्द लॅटिन, आज कळलं.

---

तिरफळ | संध्याकाळी ५:१०

आणि कॅन्डेला म्हणजे मेणबत्ती. तिच्या शेजारचा 'कान्दिदुस' म्हणजे पांढराशुभ्र. रोममध्ये निवडणुकीला उभं राहणारे झग्याला खडू घासून तो पांढराफेक करायचे, म्हणून ते 'कॅन्डिडेट'. आपल्याकडे खडूची जागा खादीने घेतली.

---

गंधकाम्ल | संध्याकाळी ६:३५

काडेपेटी मागेच राहिली की! मूळ प्रश्न काडीचा होता.

घासून पेटणारी काडी पहिल्यांदा विकली इंग्लंडात स्टॉक्टन-ऑन-टीज गावच्या जॉन वॉकर नावाच्या औषधविक्याने, १८२७ मध्ये. त्याने पेटंट घेतलं नाही. लंडनच्या सॅम्युअल जोन्सने तोच माल 'ल्युसिफर' नावाने बाजारात आणला. नाव खपलं. इंग्रजीत ते पुढे मागे पडलं, डचमध्ये मात्र आजतागायत टिकलं.

वॉकरच्या काडीत फॉस्फरस नव्हता. तो १८३० च्या सुमारास फ्रान्समध्ये आला, पांढरा फॉस्फरस. म्हणजे बघा, ग्रीक 'प्रकाशवाहक' लॅटिन 'प्रकाशवाहका'च्या डोक्यावर बसला. आणि त्याने खरंच सैतानाचं काम केलं. कारखान्यातल्या बायापोरींच्या जबड्याचं हाड त्या वाफेने सडायचं. १८८८ च्या जुलैत लंडनच्या बो भागातल्या ब्रायंट अँड मे कारखान्यातल्या सुमारे १४०० कामगारांनी, बहुतेक मुली, संप केला. त्यांची हलाखी त्याआधी वर्तमानपत्रात मांडली होती ॲनी बेझंट यांनी. हो, त्याच, होमरूलवाल्या.

आता पुढचं ऐका. त्याच्या आदल्याच वर्षी, १८८७ ला, मादाम ब्लाव्हाट्स्की यांनी लंडनला थिऑसफी ह्या गूढविद्येच्या पंथाचं मासिक काढलं. नाव काय ठेवलं? 'ल्युसिफर'. मुद्दाम, प्रकाश आणणारा ह्या मूळ अर्थाने. पुढे १८८९ पासून त्याच्या सहसंपादक कोण? ॲनी बेझंट. बाई आधी ल्युसिफर बनवणाऱ्या पोरींसाठी लढल्या आणि मग ल्युसिफरच्या संपादक झाल्या. ब्लाव्हाट्स्कीबाई त्याआधी १८७९ ला मुंबईत उतरल्या होत्या, मुक्काम गिरगावात!

आपल्याकडे पांढऱ्या फॉस्फरसच्या काड्यांवर १९१३ च्या कायद्याने बंदी आली. आजच्या पेटीत लाल फॉस्फरस असतो, तोही काडीला नाही, पेटीच्या कडेच्या पट्टीला. डेल्फ्टताईंच्या आईंना सांगा, पेटीवर ल्युसिफर, कडेला फॉस्फरस, शुक्र दोन्हीकडे आहे.

---

वसईची_पोर | संध्याकाळी ६:५०

अवांतर : आमच्या गल्लीत तीन लुसीकाकू आहेत. लुसी हे नाव 'लुक्स'चंच, आणि संत लुसीला डोळ्यांची राखणदार मानतात. हळकुंडरावांचं 'लोचन' वाचलं तेव्हापासून हसतेय. तिघींपैकी दोघींचं मोतिबिंदूचं ऑपरेशन झालंय.

---

मूळपुरुष | संध्याकाळी ७:१५

तरीही शुक्राचार्यांचा मुद्दा कुणी पूर्ण खोडलेला नाही.

---

खडूस_काका | संध्याकाळी ७:१६

बरं.

---

मुक्काम_पोस्ट_डेल्फ्ट | रात्री ९:४०

सगळ्यांचे आभार! दिवसभर आईला एकेक प्रतिसाद वाचून दाखवला.

वसईच्या आजोबांचं ऐकून गप्प झाली. मग म्हणाली, आमच्या शाळेतही ईस्टरच्या आधी सिस्टर लोक त्या मोठ्या मेणबत्तीला रंगीत मेणाने वर्षाचे आकडे चिकटवत बसायच्या, मी कधी विचारलंच नाही त्या काय गातात. रखुमाईचं मात्र तिला फार आवडलं. "मग आपली रुक्मिणीमावशी पण त्यातलीच" म्हणून मावशीला लगेच फोन. मावशीला निम्मं ऐकू आलं. आता सगळ्या सातारकर नातेवाइकांमध्ये बातमी पसरलीये की मी नेदरलँड्सला ख्रिस्ती झाले. निस्तरतेय.

डच आजींना पेटी परत द्यायला गेले तर त्यांनी घेतली नाही. सैतानाचं सांगितलं तर खूप हसल्या. म्हणाल्या, आमच्या फोंडेलने १६५४ मध्ये 'ल्यूसिफर' नावाचं नाटकच लिहिलं होतं, दोन प्रयोगांत बंद पाडलं धर्मगुरूंनी. ॲमस्टरडॅमचं फोंडेलपार्क त्याच्याच नावाचं! मी तिथे दहा वेळा तरी डबा खाल्लाय.

आज संध्याकाळी आईने त्याच पेटीने निरांजन लावलं. पहिली काडी मोडली, दुसरी विझली. तिसरी पेटली तेव्हा म्हणाली, "काही म्हण, आपल्या काड्या ह्याहून बऱ्या." जळकी काडी तबकात ठेवली.

---

फुलवात | रात्री ९:५५

हा सगळा धागा वाचून आज पहाटे पाचला गच्चीत गेले होते शुक्र बघायला. अर्धा तास मच्छर चावून घेतले. नाही दिसला.

---

पंचांगवाले_काका | रात्री १०:०२

अहो, सध्या तो संध्याकाळचा आहे. उद्या सूर्य मावळल्यावर पश्चिमेला बघा.

---

फुलवात | रात्री १०:०४

पश्चिमेला समोरच्या सोसायटीचा टॉवर आहे, काका.